बाईंची चित्रं आणि माझी सही

करारनामा शेवटपर्यंत वाचून मग सही करणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात रायपूरला आले म्हणतात. तेव्हाही त्यांनी कागद नीट वाचला नसणार, नाहीतर इथला उन्हाळा बघून नागपूरहूनच परत फिरले असते. मी त्यांचीच. मोबाईलवर 'सर्व अटी वाचल्या व मान्य आहेत' असा चौकोन आला की मी बोट टेकवून मोकळी होते. अशाच एका सहीने मी माझ्याच विद्यार्थिनींचा अभ्यास ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पाडला होता. त्यातून बाहेर आले ती दोन माणसांमुळे, माझ्या हुशारीचा त्यात काही वाटा नाही. त्या दोघांचे आभार मी तेव्हा धड मानले नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

नवा रायपूरमधल्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. समता कॉलोनीतून सकाळी कॉलेजची बस पकडायची आणि त्या लांबरुंद, रिकाम्या रस्त्यांवरून डुलक्या घेत जायचं, अशी बरीच वर्षं चालली आहेत. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली गावाकडच्या, हिंदी माध्यमातून आलेल्या. अभ्यासक्रमाची पुस्तकं इंग्रजी, जाडजूड, आणि त्यातल्या आकृत्यांत इतकी नावं कोंबलेली की मूळ अवयव शोधावा लागतो. या मुलींचं शिक्षण खरं तर शीटवर चालतं. शीट म्हणजे एका पानावर एक आकृती: हृदय, मूत्रपिंड, बाळंतपणाच्या अवस्था, सलाईनची सुई कुठे लावायची. बाजूला हिंदीत चार-पाच ओळी. अशी चाळीसेक पानं. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या भैयाकडे त्यांचा मूळ गठ्ठा असायचा, आणि दरवर्षी नवी तुकडी आली की तो न सांगता प्रती काढून ठेवायचा.

ती चित्रं माझ्या बाईंनी काढलेली होती. बाईंनी आधी मला शिकवलं, पुढे मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या घरी बसून स्वतःच्या कागदावर दोन-तीन चित्रं काढायच्या आणि वर्गात नेऊन बघायच्या. मुलींना कळलं नाही तर चित्र फाडून टाकायच्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली आणि गठ्ठा दिला. आमच्याकडे ही रीतच आहे. जाणारी शिक्षिका येणारीला आपल्या नोट्स देते, ती त्यात आपली चार पानं घालते आणि पुढे चालवते. त्यावर कोणी नाव घालत नाही, कोणी विचारतही नाही. काही वर्षांनी वापरणारीला ते सगळं आपलंच वाटायला लागतं. मला तर फारच लवकर वाटायला लागलं.

मग एका प्रकाशकाचा माणूस कॉलेजात आला. त्याने शीट बघितल्या आणि म्हणाला, मॅडम, याचं पुस्तक करू. पुस्तक! आमच्या घरात पुस्तक लिहिलेलं कोणी नव्हतं. करारनामा आला तो सहा पानी, बारीक अक्षरातला, इंग्रजी. मी पहिलं पान वाचलं कारण त्यावर माझं नाव होतं, आणि शेवटचं वाचलं कारण तिथे सही करायची होती. मधली चार पानं उलटताना माझा चहा निवत होता, एवढंच आठवतं. शीटवरच्या ओळी मी वाढवून, सुधारून लिहिल्या, त्यात खरंच मेहनत होती. चित्रं तशीच पाठवली. त्यांच्या चित्रकाराने ती पुन्हा स्वच्छ काढली. छपाईआधी तपासायला पानं आली तेव्हा मी शुद्धलेखन तपासलं, आणि मुखपृष्ठ इतक्या वेळा बघितलं की नवरा म्हणाला, "आता पाठ झालं असंल."

पुस्तक आलं. कॉलेजात शाल मिळाली, कॉलोनीत पेढे वाटले. प्रस्तावनेत मी सासू-सासऱ्यांचे, प्राचार्यांचे, मुलीचे आभार मानले, आणि 'ज्यांनी मला घडवलं त्या आदरणीय बाई' असं एक वाक्य लिहिलं. चित्रं कोणाची, हे त्या वाक्यात नव्हतं. लिहिताना मला ते जाणवलं होतं. जाणवूनही मी पुढे गेले, हे आज लिहायला लाज वाटते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी शाळेत वाचला होता, पण आरशात बघायची वेळ आली नव्हती.

पुढच्या वर्षी परीक्षेला महिना उरला असताना झेरॉक्सवाला भैया मला गेटवरच भेटला. "मैडम, अब ये नहीं छापूँगा," म्हणाला, आणि गठ्ठा माझ्या हातात ठेवला. प्रकाशकाचा माणूस पुस्तकं विकायला आला होता, त्याने दुकानात या प्रती बघितल्या आणि दम भरून गेला की हे आमच्या पुस्तकातलं आहे. त्याच आठवड्यात कॉलेजला पत्र आलं: आमच्या पुस्तकाच्या बेकायदा प्रती तुमच्या दारात विकल्या जात आहेत. प्राचार्यांनी सूचना लावली, शीट वाटायच्या नाहीत, काढायच्या नाहीत, मुलींकडे असतील त्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. लायब्ररीत त्या पुस्तकाची ई-प्रत होती, पण तिच्या परवान्यानुसार एका वेळी एकीनेच, तेही लायब्ररीच्या संगणकावरच ती उघडायची. छापायची नाही, उतरवून घ्यायची नाही. साठ मुली आणि एक खुर्ची. मुली रांगेत उभ्या राहून वहीत हृदय उतरवत होत्या, आणि पाठीमागून ढोसणारीमुळे त्याला भलतीकडेच झडप फुटत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्याच नोट्स, माझ्याच मुली, आणि मलाच बंदी! मी करारनामा घेऊन तरातरा लायब्ररीत गेले. आमचे ग्रंथपाल म्हणजे सडपातळ, हळू बोलणारे, शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पट्टी ठेवणारे गृहस्थ. रायपूरचेच, हिंदी बोलणारे. मी पाच मिनिटं प्रकाशकाचा उद्धार केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, पहले दस्तख़त दिखाइए, फिर ग़ुस्सा दिखाइए."

मग त्यांनी मला समोर बसवून तो करारनामा मोठ्याने वाचायला लावला. दर ओळीखाली ते पट्टी धरायचे, आणि मला अर्थ सांगता आला नाही तर पट्टी पुढे सरकायची नाही. मुलींना मी जसं शिकवते तसंच. चौथ्या पानावर कळलं की शब्द आणि चित्रं, दोन्हींचे सगळे हक्क, सगळ्या रूपांत, मी प्रकाशकाला दिले आहेत, आणि तोच मजकूर दुसऱ्या कुठल्याही रूपात वाटणार नाही असं कबूल केलं आहे. मी म्हटलं, पण शिकवण्यासाठी प्रती काढायला कायद्याने सूट असते ना? ते म्हणाले, असते. वर्गात शिकवण्यापुरतं शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काही उतरवून घेतलं तर कायदा त्याला चोरी म्हणत नाही. पण दुकानात गठ्ठे करून येईल त्याला विकणं वेगळं, त्यावर वाद होऊ शकतो. "और आपकी बात तो और अलग है. छूट सबके लिए है, पर आपने ऊपर से वचन दे रखा है."

पाचव्या पानावर पट्टी थांबली. तिथे मी हमी दिली होती की या पुस्तकातलं सर्व काही माझं स्वतःचं, मूळ आहे. ग्रंथपालांनी पट्टी न उचलता विचारलं, "ये चित्र आपने बनाए हैं?"

मी म्हटलं, "हाँ."

त्यांनी मान हलवली आणि करारनाम्याची घडी घालून परत दिली. खोटं त्यांना कळलं असणार. बाई होत्या तेव्हापासून ते तिथे होते. पण ते काही बोलले नाहीत, आणि या न बोलण्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. तेव्हा त्यांनी मला पकडलं असतं तर मी हट्टाने त्या खोट्यालाच चिकटून बसले असते. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर मुलीने विचारलं, "मम्मी, क्या हुआ?" या पोट्टीला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीतच देते. मी म्हटलं, काही नाही. जेवताना वरणात मीठ नाही म्हणून नवऱ्यावर ओरडले, आणि वरण मीच केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी जाऊन दाराशी उभी राहिले, आणि ते आले तसं एका दमात सांगून टाकलं की चित्रं बाईंची आहेत, एकही माझं नाही.

ते म्हणाले, मग मार्ग आहे. जे आपलं नव्हतंच ते आपण देऊ शकत नाही. बाईंनी कुणालाही लिहून दिलेलं नाही, तर चित्रं अजून बाईंचीच. तुमच्या ओळी प्रकाशकाकडे राहतील, पण चित्रं बाई मुलींना खुशाल वापरू देऊ शकतात. फक्त तुमची हमी खोटी होती, हे तुम्हाला प्रकाशकाला आणि प्राचार्यांना लेखी कळवावं लागेल. "वो कोई और नहीं लिख सकता, मैडम."

म्हणजे मुलींना शीट हव्या असतील तर मला माझ्या हाताने लिहून द्यायचं होतं की शाल मी फुकट पांघरली. आणि ते लिहायच्या आधी बाईंना तोंड दाखवायचं होतं.

बाई आता अभनपूरला मुलाकडे राहतात. त्याचं बाजारात बियाण्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. रविवारी स्कूटी काढली आणि वाटेत तीनदा परत फिरायचा विचार केला. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांचे हात आता थरथरतात हे मला माहीत होतं, पण बशीत चहा सांडू नये म्हणून त्या कप अर्धाच भरून घेतात, हे पहिल्यांदा पाहिलं. टेबलावर माझं पुस्तक होतं. जुन्या सवयीप्रमाणे त्यांनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, आणि एका पानात लोकरीचा धागा ठेवला होता.

"कोणी आणून दिलं?" मी विचारलं.

"एक पोट्टी आली होती, आपलीच. आता सिस्टर आहे. तिनं देल्लं. ये, बैस. मले वाटलं होतं तू येशील. लय दिवस लावले."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, सही, हमी, प्रस्तावना, सगळं. सांगता सांगता रडू आलं. बाईंनी अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "राग आला होता. खोटं काहून बोलू? चार दिवस पुस्तक पालथं घालून ठेवलं होतं. मंग म्हटलं, पाहू तर खरं कसं छापलं."

आणि त्यांनी धाग्याचं पान उघडलं. कमरेच्या इंजेक्शनचं चित्र. "हे तू तपासलं होतं?"

मी म्हटलं, हो.

"नीट पाय."

मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. या चित्रात कमरेखालच्या भागाचे चार भाग करून, वरच्या बाहेरच्या भागात फुली मारलेली असते. सुई तिथेच द्यायची. खाली, आतल्या बाजूने पायाची मोठी नस जाते, तिला सुई लागली तर माणसाचा पाय कायमचा लुळा पडू शकतो. हे मी वर्षानुवर्षं तोंडपाठ शिकवलं आहे. बाईंनी आपली उशी काढली, गठ्ठ्यात प्रत घालून स्वतःजवळ ठेवलेलं मूळ चित्र तिच्याखालून काढलं आणि पुस्तकाशेजारी ठेवलं. मग दिसलं. चित्रकाराने पुन्हा काढताना आकृती सुबक केली होती आणि फुली बोटभर खाली आली होती. पार नसेच्या अंगाला.

"नाव कोणाचं लावलं ते आपण पाहून घेऊ," बाई म्हणाल्या. "पण हे पाहून एखाद्या पोट्टीनं सुई देल्ली तं? मी ही फुली मारली तवा अकरा चित्रं फाडली होती. तुले ते दिसलं नाही, काहून की तू हे कधी काढलंच नाही. नुसत्या प्रती वाटल्या."

तोंडात मारल्यासारखं झालं. माझी लाज बाईंचा मान आणि माझी शाल यांच्यात अडकली होती, आणि इथे कुणाचा तरी पाय जायची वेळ होती. वर्षभर ते पुस्तक विकलं जात होतं, त्यावर माझं नाव होतं, म्हणजे ती फुली माझी होती.

पत्र मी तिथेच, बाईंच्या टेबलावर बसून लिहिलं. प्रकाशकाला: चित्रं माझी नाहीत, हमी चुकीची दिली, आणि अमुक पानावर धोकादायक चूक आहे, ती आधी दुरुस्त करा. मग बाईंनी त्यांचा परवाना सांगितला आणि मी उतरवून घेतला. माझा करारनामा सहा पानांचा होता, बाईंचा तीन ओळींचा. शिकवायला ही चित्रं कोणीही घ्यावी. विकू नये, कागद-छपाईचा खर्च तेवढा घ्यावा. कोणी बदल केला तर त्याने खाली आपलं नाव लिहावं, म्हणजे कोणाला विचारायचं ते कळेल. सही करायला त्यांनी दोन्ही हातांनी पेन धरलं. ती करायला बराच वेळ लागला आणि मी मदत करायला गेले तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं.

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या मी सगळ्यात आधी इंजेक्शनचं पान उघडायला लावलं आणि प्रत्येकीच्या वहीतली फुली स्वतः पाहिली. मग पत्राची प्रत घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी मला सगळ्या शिक्षकांसमोर हे सांगायला लावलं, ते योग्यच होतं. दोघी-तिघींनी नंतर बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण त्याच बैठकीत प्राचार्यांनी एक ओळ लिहून दिली की बाई नोकरीत असताना काढलेली असली तरी या चित्रांवर कॉलेजचा दावा नाही, आणि सूचनाफलकावरची बंदी आपल्या हाताने काढली. ग्रंथपालांनी बाईंच्या तीन ओळी टंकित केल्या, स्वल्पविरामसुद्धा न बदलता. प्रकाशकाकडून मला नोटीस येईल म्हणून मी धास्तावले होते. तिथल्या संपादिकेचा फोन आला, त्या आवाजाने तरुण वाटल्या. आधी त्यांनी चांगलं खडसावलं. मग म्हणाल्या की उरलेल्या प्रतींत चूक दाखवणारी चिठ्ठी घालत आहोत, ज्या कॉलेजांनी पुस्तक घेतलं त्यांना कळवत आहोत, पुढच्या आवृत्तीत ही चित्रं नसतील. माझं दुसरं पुस्तक ते काढणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं. मी त्यांचेही आभार मानते. चूक कळल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

परीक्षेला दोन आठवडे असताना शीट परत आल्या; चित्रं तीच, ओळींची जागा कोरी, त्या मुली वर्गात ऐकून लिहून घ्यायच्या. भैयाने तीन ओळी वाचल्या, आपल्या छत्तीसगढी ढंगात म्हणाला, "हव मैडम, अब ठीक हे," आणि मशीन चालू केलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी अभनपूरला शीटचा नवा संच घेऊन गेले. वाटलं होतं, बाई बघतील, खूश होतील, चहा होईल. बाईंनी संच बाजूला ठेवला आणि कोरा कागद पुढे केला. त्यांच्या हाताला आता रेघ जमत नाही, इंजेक्शनचं मूळ चित्र जुनं होऊन फिकटलं आहे, ते पुन्हा काढायला हवं, म्हणाल्या. "काढ."

मी काढलं. बाई शेजारी बसून बघत होत्या. "हाड कुठं आहे ते आधी ठरव. हाड चुकलं की सारं चुकलं." पहिला कागद त्यांनी फाडला. दुसरा मीच फाडला. चौथ्या वेळी फुली मारताना मला माझ्याच कमरेवर हात ठेवून हाड चाचपून बघावं लागलं आणि बाई खुदकन हसल्या. दुपार उलटून गेली, मुलगा दुकान बंद करून जेवायला आला, सुनेने दोनदा हाक मारली. सातव्या कागदावर बाई बराच वेळ वाकून राहिल्या. मग मागे टेकल्या.

"आता लिही खाली तुझं नाव," म्हणाल्या. "हे तुझं आहे."

मी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. बाईंकडे पट्टी मागितली आणि फुलीची जागा आणखी एकदा मोजून बघितली.